सर्वोचा अलार्म एआय एजंटला रीसेट करू द्यायचा का? रीसेट मारणं सोपं आहे, अडतं दुसरीकडेच

आधी प्रश्न नीट मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल कशावर बोलतोय ते. निपाणीच्या बाजूला गूळ पावडरचं पाऊच पॅकिंग युनिट आहे, मशीनवर डेल्टा कंपनीचे एएसडीए-बी२ सर्वो आहेत (सर्वो म्हणजे नेमक्या जागी थांबणारी मोटर आणि तिला चालवणारा ड्राइव्ह), एक फिल्म ओढायला, एक पाऊच गरम दाबून बंद करणाऱ्या सीलिंग जॉला आणि एक पावडर मोजून सोडणाऱ्या ऑगरला. पावसाळा लागला की रात्रपाळीत अलार्म वाढतात, ऑपरेटर मेन स्विच बंद-चालू करतो, त्याने नाही भागलं तर रात्री दोनला फोन करतो. विचारणाऱ्या भावाने पायथन शिकून मॉडबसवर, म्हणजे अशा उपकरणांशी बोलायच्या साध्या प्रोटोकॉलवर, ड्राइव्ह वाचायला सुरुवात केलीय आणि आता म्हणतोय की एआय एजंटला, म्हणजे स्वतः टूल वापरू शकणाऱ्या मॉडेलला, टूल देऊन अलार्म आला की आपोआप रीसेट करायला लावू, कोणतं टूल घ्यावं ते सांगा.

टूलचं नंतर सांगतो, कारण रीसेट मारणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. डेल्टाच्या ड्राइव्हला पी०-०१ या पॅरामीटरमध्ये शून्य लिहिलं की, कारण गेलेलं असेल तर, अलार्म साफ होतो, नाहीतर एआरएसटीचा, म्हणजे अलार्म रीसेटचा, डिजिटल इनपुट द्यायचा. इथरकॅट किंवा कॅनओपन नेटवर्कवरचा ड्राइव्ह असेल तर त्याला पाठवायच्या कंट्रोलवर्डचं सातवं बिट शून्यावरून एकवर न्यायचं. बऱ्याच पीएलसीत, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये, एमसी_रीसेट ब्लॉकही असतो. म्हणजे एजंटला हात द्यायला दहा-पंधरा ओळी पुरतात, आणि नेमकं म्हणूनच लोक घाईने देऊन टाकतात.

खरा प्रश्न असा आहे की रात्री दोनला, मशीनजवळ कोण उभं आहे आणि त्याचे हात कुठे आहेत हे न बघता, हा अलार्म आत्ता रीसेट करण्यासारखा आहे का हे ठरवणार कोण. मी उद्यमबाग, मच्छे, होनगा आणि पलीकडे शिनोळी-कागलपर्यंत सर्वो ड्राइव्हची कामं करतो, त्यावरून सांगतो, एजंटचा फायदा आहे, बऱ्यापैकी आहे, पण तो रीसेटमध्ये नाही, रीसेटच्या आधीच्या पाच मिनिटांत आहे.

आता अलार्म अलार्ममध्ये फरक कसा आहे ते बघा, कारण सगळं यावर अवलंबून आहे. मॅन्युअलमध्ये प्रत्येक अलार्मपुढे लिहिलेलं असतं की तो रीसेट सिग्नलने जातो का पॉवर बंद-चालू करावी लागते. लोक तो तक्ता एजंटला देतात आणि म्हणतात, जे रीसेटने जातात ते तू मार, बाकीचे मला कळव. ऐकायला बरोबर वाटतं, पण तो तक्ता 'जातो का' एवढंच सांगतो, 'घालवावा का' ते नाही सांगत. डेल्टात एएल ००६ म्हणजे ओव्हरलोड, तो एआरएसटीने बिनतक्रार जातो, आणि आंधळेपणाने रीसेट करू नये अशा अलार्मांत माझ्या मते तोच पहिला. एएल ००३ म्हणजे अंडरव्होल्टेज, तोही रीसेटने जातो, आणि तो व्होल्टेज परत आल्यावर रीसेट केला तर बहुतेक वेळा काही बिघडत नाही. तक्त्यात दोघं एकाच रांगेत बसलेत, शॉपफ्लोअरवर मात्र दोघांत जमीन-अस्मानाचा फरक.

ओव्हरलोडचं जरा सविस्तर सांगतो कारण तुमचा आजार मला तोच वाटतोय. ड्राइव्ह मोटरचं तापमान बहुतेक वेळा थेट मोजत नाही, किती करंट किती वेळ गेला याचा हिशेब ठेवतो आणि हिशेब मर्यादेबाहेर गेला की ट्रिप देतो. ऑपरेटरने मेन स्विच बंद-चालू केला की बऱ्याच ड्राइव्हमध्ये हा हिशेब पुसला जातो, मोटरमधली गरमी मात्र तशीच राहते. असं पाळीत परत परत झालं की एक दिवस वाइंडिंग जळालेली मोटर घेऊन तुम्ही रिवाइंडिंगवाल्याकडे उभे, आणि सर्वो मोटर साध्या मोटरसारखी कुठेही रिवाइंड होत नाही, एन्कोडरचं, म्हणजे मोटरची जागा मोजणाऱ्या सेन्सरचं, अलाइनमेंट गेलं की अजून घोळ. मित्सुबिशीच्या एमआर-जे४ च्या मॅन्युअलमध्ये ओव्हरलोड आणि रीजनरेशनच्या (मोटर थांबताना परत येणाऱ्या ऊर्जेच्या) अलार्मला कारण दूर करून साधारण ३० मिनिटं थंड होऊ द्या, मग रीसेट करा असं सरळ लिहिलंय. तुमचा ड्राइव्ह डेल्टाचा असला तरी मोटर तांब्याचीच आहे, हा नियम तिलाही लावा.

गूळ पावडरच्या मशीनवर हे कसं दिसतं तेही सांगतो. जॉच्या ॲक्सिसचा, म्हणजे जॉ हलवणाऱ्या सर्वोचा, ॲव्हरेज लोड पाळी सुरू होताना समजा ५५ टक्क्यांच्या आसपास असतो. बाहेर पाऊस, शेडचं दार उघडं, पावडर हवेतला ओलावा खेचते आणि जॉ ज्यावर सरकतो त्या लिनियर गाइडच्या रेलवर बसून चिकट होते, वर जॉच्या हीटरची ऊब लागून तिचा पाक होतो. मग लोड ७०, ८०, ९० असा चढत जातो आणि मध्यरात्रीनंतर कधीतरी एएल ००६. ऑपरेटर बंद-चालू करतो, तेवढ्या वेळात गाइड गार होऊन तो पाक अजून घट्ट होतो, त्यामुळे पुढचा अलार्म पहिल्यापेक्षा लवकर येतो, त्याच्या पुढचा आणखी लवकर. हा ट्रेंड ड्राइव्हमध्ये उघडा पडलेला असतो, फक्त बघायला कोणी नसतं. इथे एजंट पाहिजे! लोड चढतोय हे त्याने अकरा वाजताच ओळखावं आणि ऑपरेटरला सांगावं की जॉचा गाइड पुसून घे, कोमट पाण्याचं फडकं, मग कोरडं फडकं, मग ग्रीस, मशीन बंद करून. असं झालं तर दोनचा अलार्म येतच नाही आणि रीसेटचा प्रश्नच संपतो.

दुसरं व्होल्टेजचं. हेस्कॉमच्या, म्हणजे इथल्या वीज कंपनीच्या, लाइनला पावसात डिप येतात, व्होल्टेज क्षणभर पडतं, त्यात नवीन काही नाही. पण एएल ००३ आला म्हणून लाइनवर खापर फोडून मोकळं होऊ नका. तिन्ही ड्राइव्हवर एकाच क्षणी आला आणि शेजारच्या व्हीएफडीनेही (साध्या मोटरच्या स्पीड ड्राइव्हने) त्याच वेळी नोंद केली, तर तो सप्लायचा डिप. एकट्या जॉच्या ड्राइव्हवर आला, तोही जॉ वेग घेताना, तर कॉन्टॅक्टरचा पॉइंट जळलाय किंवा टर्मिनल सैल आहे किंवा ड्राइव्हला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला लोड झेपत नाही, आणि रीसेट करत राहिलात तर ते टर्मिनल एक दिवस काळं पडून वास यायला लागेल. वेळा जुळवून बघणं हे माणसाला रात्री कंटाळवाणं काम, एजंटला सोपं. फक्त सगळ्यांची घड्याळं एकच पाहिजेत. ड्राइव्हच्या फॉल्ट रेकॉर्डवर, म्हणजे पी४-०० ते पी४-०४ वर, विसंबू नका, तिथे शेवटचे पाच अलार्म मिळतात पण ते नेमके कधी आले ते कळत नाही, म्हणून वेळेचा शिक्का वाचणाऱ्या पीसीने स्वतः मारायचा.

आणि काही अलार्मांना एजंटने हातच लावायचा नाही. ओव्हरकरंट, एएल ००१, हा केबल घासून शॉर्ट झाल्याने असू शकतो किंवा ड्राइव्हमधला आयजीबीटी, म्हणजे पॉवर स्विच, गेल्याने, अशा वेळी परत परत रीसेट म्हणजे अर्धवट मेलेल्या मॉड्यूलला पूर्ण मारणं. एन्कोडरचा एएल ०११ तसाही रीसेटने जात नाही, पॉवर काढावी लागते, आणि त्यात कनेक्टर हलवून बघायला माणूसच लागतो. लिमिटचे एएल ०१४, ०१५ आले म्हणजे ॲक्सिस नको तिथे गेलाय, तिथून बाहेर काढताना दिशा चुकली तर मेकॅनिकल स्टॉपवर आदळतो, ते जॉगवर डोळ्यांसमोरच काढायचं. एएल ००९ म्हणजे पोझिशनचा फरक मर्यादेबाहेर, बहुतेक वेळा काहीतरी अडकलेलं असतं, तेही बघितल्याशिवाय नाही. इमर्जन्सी स्टॉपचा एएल ०१३ तर विचारूच नका, तो कोणीतरी मुद्दाम दाबलाय. ज्यांच्याकडे अब्सोल्यूट एन्कोडर (वीज गेली तरी बॅटरीवर जागा लक्षात ठेवणारे) आहेत, म्हणजे यास्कावाचा ए.८१० किंवा मित्सुबिशीचा एएल.२५ ज्यांना दिसतो, त्यांच्यासाठी एवढंच की बॅटरी जाऊन पोझिशन हरवली असेल तर अलार्म घालवला म्हणून पोझिशन परत येत नाही, होमिंग किंवा ओरिजिन सेटिंग, म्हणजे शून्याची जागा ठरवणं, पुन्हा करावंच लागतं, आणि ते न करता सायकल चालू केली तर पुढे काय होईल ते मशीनवर अवलंबून. तुमचा बी२ इन्क्रिमेंटल आहे, म्हणजे वीज गेली की जागा विसरणारा, त्यामुळे मेन स्विच बंद केला की तुमचं होम तसंही जातं, हेही त्या बंद-चालूच्या सवयीविरुद्धचं कारण धरा.

एवढं गाळून झाल्यावर एजंटच्या रीसेटसाठी काय उरतं? माझ्या मते सप्लायच्या डिपने आलेला अंडरव्होल्टेज, फेज गेल्याचा एएल ०२२ फेज परत आल्यावर, आणि एखादा कम्युनिकेशनचा अलार्म. बस्स. अर्थात हे पाऊच मशीनचं आहे. उभा ॲक्सिस असेल, ब्रेक असेल, रोबोट असेल, प्रेस असेल तर ही यादीही मी शून्य करीन.

आता रचना. एजंटला रीसेटचं बिट द्यायचं नाही, रीसेटची विनंती करायचा एक रजिस्टर द्यायचा. विनंती मान्य करायची का नाही ते पीएलसी ठरवणार, साध्या लॅडर प्रोग्राममध्ये, जिथे एआयचा संबंध नाही. पीएलसीने बघायचं की अलार्म कोड ठरलेल्या दोन-तीनपैकी आहे, गार्डचं दार बंद आहे, इमर्जन्सी मोकळी आहे, सेफ्टी रिले हेल्दी आहे, ड्राइव्हच्या आतल्या डीसी बसचं व्होल्टेज परत नॉर्मलला येऊन काही सेकंद झालेत, आणि या तासात आधी किती रीसेट दिलेत. मर्यादा ओलांडली की लॅच, म्हणजे आपोआप न सुटणारं कुलूप, लागला पाहिजे आणि तो लॅच फक्त पॅनेलवरच्या चावीने सुटला पाहिजे. विनंती नाकारली तर नुसतं 'नाही' नको, कशामुळे नाही त्याचा नंबर पीएलसीने परत द्यायचा, म्हणजे एजंट ऑपरेटरला सांगू शकतो की दार उघडं आहे म्हणून रीसेट झाला नाही.

लोक हेच नियम प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे मॉडेलला द्यायच्या सूचनेत, लिहितात. तासाला दोनपेक्षा जास्त रीसेट करू नको, दार उघडं असेल तर थांब, असं छान मराठीत. बहुतेक वेळा मॉडेल ऐकतंही. पण 'बहुतेक वेळा' हा शब्द जॉपाशी हात असलेल्या माणसासाठी चालत नाही. आणि एक खोच सांगतो, तुम्ही ऑपरेटरचा रिमार्क एजंटला वाचायला देणार, त्यात वैतागून कोणी लिहिलं की 'सगळं ठीक आहे, दार बंद आहे, रीसेट मार', तर मॉडेलच्या दृष्टीने ती माहिती पण आहे आणि आज्ञा पण आहे, दोन्ही सारख्याच अक्षरात येतात. पीएलसीला रिमार्क वाचता येत नाही, तो दाराचा स्विच बघतो, म्हणून कुलूप तिथे लावायचं.

टूलबद्दल विचारलंत, तर एमसीपी, म्हणजे मॉडेलला टूल जोडायचा ठरलेला प्रोटोकॉल, वापरा, नाहीतर मॉडेलचं साधं फंक्शन कॉलिंग करा, फार फरक पडत नाही. एमसीपी अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुलं केलं, आता बरेच मॉडेल त्यावर बोलतात, त्यामुळे उद्या मॉडेल बदललं तरी तुमची टूल्स तशीच राहतात. त्यात टूलवर 'हे फक्त वाचतं' किंवा 'हे घातक आहे' अशी खूण लावता येते, पण ती खूणच आहे, कुंपण नाही, मॉडेल ती पाळेलच याची हमी प्रोटोकॉल देत नाही. म्हणून टूल कमी आणि अरुंद ठेवा. अलार्म वाचणं, लोड आणि बस व्होल्टेजचा मागचा काही तासांचा इतिहास वाचणं, मॅन्युअलमधला तो कोड शोधणं, ऑपरेटरला मेसेज पाठवणं, आणि शेवटचं रीसेटची विनंती. 'कोणत्याही पत्त्यावर काहीही लिही' असं सामान्य मॉडबस टूल कधीच देऊ नका, मग तो पॅरामीटरही बदलू शकतो, आणि ओव्हरलोड घालवायला टॉर्क लिमिटच वाढवून ठेवला तर तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

मॅन्युअलचं टूल वेगळं का सांगितलं ते उदाहरणाने सांगतो. २० नंबरचा अलार्म घ्या. मित्सुबिशीच्या जे४ मध्ये तो एन्कोडरच्या कम्युनिकेशनचा, म्हणजे केबल, कनेक्टर, नॉइज बघायचा. डेल्टात एएल ०२० म्हणजे सिरियल कम्युनिकेशनचा टाइमआउट, मोटरचा त्याच्याशी संबंधच नाही. मॉडेलला आठवणीवर सोडलं तर ते कधीतरी एकाचं दुसऱ्याला जोडतं, आणि इतक्या आत्मविश्वासाने सांगतं की ऑपरेटर चांगला कनेक्टर खोलून बसतो. म्हणून कोडचा अर्थ नेहमी तुमच्याच ड्राइव्हच्या तक्त्यातून यायला पाहिजे. आणि गंमत म्हणजे हा एएल ०२० तुम्ही एजंट बसवल्यावरच पहिल्यांदा येण्याची शक्यता आहे. पी३-०४ मध्ये टाइमआउट भरलेला असेल आणि तुमचा पीसी विंडोज अपडेटला बसला, की ड्राइव्ह वाट बघून अलार्म देणार. पी३-०३ (संपर्क तुटला की काय करायचं) आणि पी३-०४ आधी बघून घ्या.

रीसेट झाल्यावर काय, हे लोक विसरतात. अलार्म गेला आणि सर्वो-ऑनचा सिग्नल अजून चालूच असेल तर ड्राइव्ह तत्काळ मोटरला पकडतो, आणि पीएलसीकडून हालचालीचे पल्स येत असतील तर धक्का बसतो. म्हणून अलार्म आला की पीएलसीने आधी सर्वो-ऑन काढायचा, पल्स बंद करायचे, मग रीसेटचा छोटा पल्स, धरून ठेवलेला सिग्नल नाही, मग तपासणी, आणि मग थांबायचं. सायकल स्टार्ट माणसाने मशीनजवळ उभं राहून बटणावरच द्यायचा. यंत्रांच्या विद्युत सुरक्षेच्या आयईसी ६०२०४-१ या मानकातही इमर्जन्सी स्टॉपबाबत हेच तत्त्व आहे, रीसेटने मशीन सुरू व्हायचं नाही, सुरू करायला फक्त मोकळीक मिळायची. तुमच्या मशीनवर तर मुद्दा अजून साधा आहे, जॉ बंद अवस्थेत थांबला तर फिल्म वितळून चिकटते आणि ऑपरेटर ती काढायला हात घालतोच, तुम्ही कितीही बोर्ड लावा. घरी बसून मोबाइलवर रीसेट करणाऱ्याला तो हात दिसत नाही. जॉमध्ये हात घालण्याआधी टॉर्क नक्की गेला पाहिजे, त्यासाठी गार्डच्या स्विचवरून सेफ्टी रिलेने ड्राइव्हची मेन सप्लाय तुटायला पाहिजे, किंवा एसटीओ, म्हणजे मोटरचा टॉर्क सुरक्षितपणे तोडणारी सोय, असलेला ड्राइव्ह पाहिजे. एवढं नसेल तर एजंटचे पैसे आधी तिकडे घाला.

नेटवर्कचंही. मॉडबसला पासवर्ड नसतो, त्या वायरवर जो पोहोचला तो लिहू शकतो. म्हणून ड्राइव्ह किंवा पीएलसी थेट ऑफिसच्या वायफायला जोडू नका. पॅनेलमध्ये एक छोटा पीसी ठेवा, ड्राइव्हशी फक्त तोच बोलेल, ठरलेले पत्तेच वाचेल, आणि बाहेरचं मॉडेल त्याच्याशी बोलेल. इंटरनेट गेलं, पावसात जातंच, तर मशीन पूर्वीसारखंच चाललं पाहिजे, एजंट नाही म्हणून उत्पादन थांबता कामा नये.

आपल्या भागातली एक गोष्ट बाहेरचे लोक सांगणार नाहीत. तुमचा मेंटेनन्सवाला मराठी, रात्रीचा ऑपरेटर बहुतेक कन्नड वाचणारा, आणि ड्राइव्ह इंग्रजीत बोलतो. अलार्मचा मेसेज दोन्ही भाषांत पाठवायला लावा, पण मॉडेलला दर वेळी नव्याने भाषांतर करू देऊ नका. प्रत्येक कोडसाठी दोन-तीन वाक्यं एकदाच लिहून, कन्नड येणाऱ्या जाणत्या फिटरकडून तपासून साठवून ठेवा. 'जॉचा गाइड पुसा' हे वाक्य रात्री दोनला प्रत्येक वेळी सारखंच दिसलं पाहिजे. शब्द बदलले की ऑपरेटरला वाटतं काहीतरी वेगळं झालंय, आणि तो मेन स्विचकडे जातो.

तर क्रम असा ठेवा. हा पूर्ण पावसाळा एजंटला नुसतं वाचू द्या, रीसेटचं टूल जोडूच नका. अलार्म आला की त्याने कारणाचा अंदाज लिहायचा आणि 'मी असतो तर रीसेट मागितला असता का' तेही लिहायचं, आणि सकाळी तुम्ही किंवा फिटरने प्रत्यक्ष काय सापडलं ते त्याच्यापुढे टिपायचं. ओव्हरलोडला 'हो' लिहीत असेल तर अजून वेळ आहे. व्होल्टेजच्या डिपवर बरोबर बोलत असेल तर तेवढ्या एका कोडसाठी विनंतीचा रजिस्टर उघडा.

आणि एजंट होईल तेव्हा होईल, या आठवड्यात दोन कामं करून घ्या. जॉच्या गाइडवर बेलोज (घड्यांचं आवरण) किंवा निदान वायपर बसवा आणि पाळी बदलताना पुसायची सवय लावा, ऑगरच्या खालून उडणाऱ्या पावडरीला डस्ट कलेक्टरचा एक तोंडाचा पाइप द्या. दुसरं, मेन स्विचशेजारी पाटी लावा, कन्नड आणि मराठीत, की ओव्हरलोडचा अलार्म आला तर लगेच बंद-चालू करायचं नाही, मशीन बंद करून गाइड साफ करायचा आणि अर्धा तास परत चालू करायचं नाही. बाकी पीएलसी कोणता आहे आणि गार्डच्या दाराला स्विच आहे का, का नुसतीच काच आहे, ते कळवा, लॅडरचं तेव्हा बोलू.